पहिली स्पॅनिश गिटार हातानं घडवताना

१८६२ साली स्पॅनिश गिटार कारागीर आंतोनिओ दे तोर्रेस यांनी सेव्हिलमध्ये एक गिटार बनवली. तबली, म्हणजे तारांखालची पुढची फळी, नेहमीसारखी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची होती, पण पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. ते वाद्य आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. गिटारचा आवाज मुख्यतः तबलीतून येतो, हे त्यांनी त्या एका वाद्यानं दाखवून दिलं. पहिलीच गिटार करायला बसलेली मंडळी बहुतेक वेळा पाठीच्या महागड्या लाकडावर पैसे घालतात आणि कडेच्या नक्षीवर आठवडे घालवतात. मग तबलीच्या वेळी हात थकलेला असतो आणि धीरही संपलेला असतो. माझं सांगणं याच्या उलट आहे: चांगलं लाकूड, चांगला दिवस आणि चांगलं ऊन तबलीसाठी राखून ठेवा. बाकीची कामं स्वच्छ झाली तरी पुरे.

तोर्रेस १८१७ साली अल्मेरियाजवळ जन्मले आणि सुतारकाम शिकून वाद्यांकडे वळले. तबलीच्या आत पंख्यासारख्या पट्ट्या लावायची कल्पना त्यांची नव्हती. अठराव्या शतकात कादिझचे हुआन पाहेस आणि होसेफ बेनेदिद तशा पट्ट्या लावत होतेच. तोर्रेसनी केलं ते असं: पेटी मोठी केली, तबली पातळ करून तिला किंचित घुमट दिला, खाली सात पट्ट्यांचा पंखा बसवला आणि तारेची लांबी ६५० मिमीवर आणली. नामवंत गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगा त्यांची १८६४ सालची गिटार वाजवत. पुढे गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाकडे आलेली माद्रिदच्या मानुएल रामिरेझ यांची १९१२ची गिटार आणि म्युनिककडच्या हाउझर यांची १९३७ची गिटार, दोन्ही याच वंशातल्या. आज जगभर शिकवला जाणारा आराखडाही मुळात हाच. नवशिक्यासाठी तो सोयीचा आहे, कारण यात मोठी यंत्रं लागत नाहीत. एक सपाट पाट, थोडी हत्यारं आणि कामांचा पक्का क्रम एवढ्यावर भागतं.

तबली, दांडी, घोडी, पडदे हे सतारीचेच शब्द मी इथे वापरतो. भागही तेच आहेत.

नकाशा आणि मापं

संग्रहालयातल्या एखाद्या जुन्या गिटारचा पूर्ण आकाराचा नकाशा मिळवा. असे नकाशे विकत मिळतात. वेगवेगळ्या नकाशांतली मापं एकत्र करून स्वतःचा आराखडा काढायचा मोह पहिल्या वाद्यापुरता टाळा. साधारण मापं अशी: पेटीची लांबी ४८ ते ४९ सेंमी, खालचा घेर सर्वांत रुंद जागी ३६, कमर २३-२४, वरचा भाग २७-२८, खोली ९ ते १० सेंमी. नटपाशी (दांडीच्या डोक्याकडची, तारा टेकायची पट्टी) दांडीची रुंदी ५२ मिमी, बाराव्या पडद्यापाशी ६२. पातळ प्लायवूडमधून पेटीचा अर्धाच साचा कापा आणि मधल्या रेषेवर उलटून दुसरी बाजू आखा. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या येतात.

लाकूड

तबलीला युरोपियन स्प्रूसची जोडफळी घ्या. ती बाहेरूनच मागवावी लागते. फळी कडेवर धरून बघितली तर वर्षवलयांच्या रेघा उभ्या, एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. तिरप्या असतील तर घेऊ नका, रंग कितीही सुंदर असला तरी. सर्वांत महागड्या दर्जाची गरज नाही, मधला दर्जा पुरतो. दोन तबल्या मागवल्यात तर आणखी उत्तम, हात निर्धास्त चालतो.

पाठ आणि बाजूंसाठी आपला शिसव जगभरचे गिटार कारागीर वापरतात. तोर्रेसच्या काळात ब्राझीलचा रोझवूड चाले. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे आणि त्याची जागा मोठ्या प्रमाणात आपल्याकडच्या शिसवानं घेतली. तोर्रेसनी सायप्रस आणि मेपलही वापरलं, तेव्हा शिसवच पाहिजे असा हट्ट नको. दांडीला स्पेनमध्ये सेद्रो नावाचं हलकं, तांबूस लाकूड लागतं. आपला तून त्याच कुळातला आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना वर्षानुवर्षं तूनच लागत आला आहे. नीट वाळलेला, सरळ रेषांचा तून मिळाला तर दांडीसाठी बाहेर बघायचं कारण नाही. दांडीवरच्या पट्टीला एबनी आणि घोडीला शिसवाचाच उरलेला तुकडा चालेल.

शिसवाची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते. रंधा मारताना नाही, पण पॉलिश पेपरनं घासताना मास्क लावाच.

हत्यारं

दोन रंधे (एक लहान, एक लांब), तीन-चार रुंदीच्या पटाश्या, बारीक दात्यांची करवत, गुण्या, पोलादी मोजपट्टी, कानशी, खरवडायची पोलादी पट्टी आणि जाडी मोजायचा कॅलिपर. याशिवाय बाजू वाकवायला आतून तापवता येईल असा लोखंडी पाइप आणि भरपूर क्लॅम्प. धार लावता येत नसेल तर आधी तेच शिका. बोथट रंध्यानं स्प्रूस कापला जात नाही, उचकटतो.

चिकटवायला सरस घ्या. भांड्यात भांडं ठेवून तो ६० अंशांच्या आसपास गरम ठेवायचा, उकळू द्यायचा नाही. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद वापरायला सोपा असतो, पण सततच्या ताणाखाली आणि उन्हाच्या गरमीत तो हळूहळू सरकतो, म्हणून घोडीला तो अजिबात नको. पुढेमागे दुरुस्तीसाठी सांधा उघडायचा झाला तर सरस उष्णतेनं आणि ओलाव्यानं सोडवता येतो, हाही फायदा.

हवा

ही पायरी पुस्तकांत शेवटी येते, पण आपल्याकडे ती सुरुवातीलाच घ्यावी लागते. लाकूड ओल्या हवेत रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तबली आणि पाठ यांच्या पट्ट्या चिकटवताना आणि पेटी बंद करताना खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के असावी. मुंबईत जुलैमध्ये ८५ टक्क्यांच्या हवेत बंद केलेली पेटी नागपूरच्या मे महिन्यात नेलीत तर आकसायला जागा न मिळून तबली तडकेल. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या न्यू जर्सीच्या घरातही तेच होईल. अगदी कोरड्या हवेत केलेलं वाद्य पावसाळ्यात फुगून तारा वर उचलतं. त्यातल्या त्यात हे दुसरं सोसता येतं, पहिलं नाही. शंभरेक रुपयांपासून आर्द्रतामापक मिळतात, एक भिंतीवर लावा. पुण्या-मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करणं सोपं. पावसाळ्यात करायचंच असेल तर बंद खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र हवं, आणि कापलेलं लाकूड त्या खोलीत काही आठवडे आधीपासून ठेवलेलं हवं.

सोलेरा

स्पॅनिश पद्धतीत गिटार पालथी जुळवतात. ज्या पाटावर ती जुळते त्याला सोलेरा म्हणतात. जाड, न वाकणाऱ्या प्लायवूडवर पेटीचा आकार आखा आणि खालच्या घेरात, घोडीच्या जागेभोवती, मधोमध दोन ते तीन मिमी खोल उथळ खळगा खरवडून काढा. कडांकडे तो शून्यावर यावा. तबलीला घुमट मिळतो तो इथून. दांडी टेकायला पाट पुढे वाढवायचा आणि दांडीचा नटाकडचा शेवट तबलीच्या पातळीपेक्षा साधारण दोन मिमी तारांच्या बाजूला झुकेल असा उतार त्याला द्यायचा. तारांची उंची पुढे हाताला सोसेल की नाही, हे या दोन मिमीवर ठरतं. म्हणून पाट बनवल्यावर सरळपट्टी लावून दोनदा तपासा.

तबली

आधी जोड. दोन्ही फळ्यांच्या कडा एकत्र धरून लांब रंध्यानं सरळ करा. मग कडा एकमेकींना टेकवून खिडकीसमोर धरा. उजेडाची रेघ कुठेही दिसली तर पुन्हा रंधा. हा सांधा दाब देऊन बंद करायचा नसतो, तो आधीच बंद असावा लागतो. चिकटवताना जुनी रीत वापरा: फळ्या पाटावर ठेवून वरून दोरी आडवी गुंडाळायची आणि दोरीखाली पाचरी ठोकायच्या. कडा एकमेकींकडे दाबल्या जातात आणि फळी वरही उचलली जात नाही.

मग रोझेट, म्हणजे छिद्राभोवतीचं नक्षीचं कडं. पहिल्या वाद्याला तयार रोझेट विकत घ्या. गोल कापणाऱ्या पात्यानं तिच्या जाडीपेक्षा थोडी उथळ खाच करा, रोझेट बसवा आणि वाळल्यावर सपाट करा. छिद्र कापायचं ते यानंतर, ८५ मिमी व्यासाच्या आसपास.

आता जाडी, म्हणजे या सगळ्या कामाचा गाभा. तबलीची दर्शनी बाजू एव्हाना झालेली आहे, त्यामुळे रंधा आतल्या बाजूनं मारायचा. ३ मिमीपर्यंत निर्धास्त उतरा. तिथून पुढे प्रत्येक फेरीनंतर थांबा. फळीच्या दोन्ही उभ्या कडा हातांत धरून हलकेच वाकवून बघा, मग लांबीच्या दिशेनं वाकवा. लांबीला ती ताठच राहते. रुंदीला मात्र एका टप्प्यावर अचानक लवचिक वाटू लागते. वरच्या कोपऱ्याजवळ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फळी लोंबती धरा आणि मधे बोटाच्या पेरानं टकटक करा. जाड असताना आवाज आखूड आणि कोरडा येतो. पातळ होत जाते तसा तो खाली उतरतो आणि जरा वेळ टिकतो. पहिल्या गिटारला मधे २.५ आणि कडांशी २.२ मिमीवर थांबा. जुन्या कारागिरांनी कडा याहून बऱ्याच पातळ केल्या आहेत, पण त्यांच्या हातांखालून किती तबल्या गेल्या होत्या, हे विसरू नका. तोर्रेसना ओळखणाऱ्या एका धर्मगुरूनं पत्रात लिहून ठेवलं आहे की गुपित विचारल्यावर तोर्रेसनी अंगठा आणि तर्जनीची टोकं दाखवली होती. तबली नीट झाली की नाही, ते त्यांना तिथून कळत होतं. ते कळायला वेळ लागतो, म्हणून तोवर कॅलिपर.

आतल्या पट्ट्यांसाठी स्प्रूसचा ठोकळा करवतीनं न कापता कोयता किंवा पटाशी ठोकून फोडा. फुटताना लाकूड आपल्या रेषेनंच फुटतं आणि पट्टीतले तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. त्यामुळे कमी लाकडात जास्त ताकद मिळते. छिद्राच्या वर आणि खाली एकेक आडवी दांडकी, १५ मिमी उंचीची. खालच्या घेरात सात पट्ट्या, छिद्राच्या दिशेनं जवळ येत जाणाऱ्या. प्रत्येक ६ मिमी रुंद, मधे ४ मिमी उंच आणि टोकांना उतरत जवळजवळ शून्य. तळाशी पंख्याचा शेवट बंद करणाऱ्या आणखी दोन तिरप्या पट्ट्या. पट्टीचा तळ सोलेराच्या खळग्याशी जुळेल इतका गोलसर करा आणि तबली सोलेरावर ठेवूनच चिकटवा, म्हणजे घुमट कायम राहील. सरस वाळल्यावर धारदार पटाशीनं पट्ट्या तासा आणि मधून मधून टकटक करत राहा. जड दगडासारखा आवाज येत असेल तर अजून काढायला वाव आहे.

दांडी

डोकं १२ ते १५ अंशांनी मागे झुकलेलं असतं. एकाच ओंडक्यातून ते कापलं तर तंतू आडवे तुटतात, म्हणून तिरपा छेद घेऊन तुकडा उलटा चिकटवतात. टाचेसाठी त्याच लाकडाचे तुकडे एकावर एक चिकटवा. स्पॅनिश पद्धतीची खूण म्हणजे ही टाच पेटीच्या आतपर्यंत जाते आणि बाजूंच्या फळ्या तिच्यात कापलेल्या दोन खाचांत सरकतात. दांडीचा वेगळा सांधा नाहीच. खाच बाराव्या पडद्याच्या रेषेवर, बाजूच्या जाडीपेक्षा केसभर रुंद करा. सैल झालीच तर पातळ पाचर मारता येते. टाचेचा बाहेरचा आकार जुळणीआधीच पूर्ण करा, नंतर पटाशीला तिथे जागा मिळत नाही.

बाजू वाकवणं

शिसवाच्या फळ्या १.८ ते २ मिमीवर आणा. कुठे जाड, कुठे पातळ राहिली तर पातळ जागी मोडेल. पाइपवर पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत उडून जायला हवा. फळी ओली करा, पण तासन् तास भिजवू नका. सुरुवात कमरेपासून. फळी पाइपवर ठेवून हलका दाब देत राहा आणि वाट बघा. काही सेकंदांनी लाकूड हाताखाली आपोआप सैल होतं, ते बोटांना स्पष्ट जाणवतं. तेवढंच वाकवा, पुढे सरका. लाकूड सैल व्हायच्या आधी जोर लावला की कट्कन आवाज येतो आणि फळी गेली. मागून पातळ पत्रा धरला तर बाहेरचे तंतू फाटत नाहीत. साच्याशी एक-दोन मिमीचा फरक राहिला तर चिंता नको.

जुळणी

तबली पालथी सोलेरावर. दांडी तिला चिकटवा, मधल्या रेषा जुळल्या आहेत का हे दोऱ्यानं तपासा. बाजूंची टोकं खाचांत सरकवा आणि तळाशी शेवटच्या ठोकळ्यावर भेटवा. आता बाजू आणि तबली यांच्या कोनात एकेक लहान त्रिकोणी ठोकळी सरस लावून बोटानं दाबत जायचं. अर्धा-पाऊण मिनिट धरली की ती स्वतःच पकडते. अशा शंभराहून अधिक लागतात. या कामाला गती देऊ नका. मला या सगळ्या उद्योगातलं हे सर्वांत आवडतं काम वाटतं, कारण इथे पेटीला पहिल्यांदा आकार येतो.

पाठीच्या कडेसाठी आत सलग पट्टी लावा. पाठीला तीन आडव्या पट्ट्या, किंचित कमानदार. लेबल आत्ताच चिकटवा. आर्द्रतामापक बघा. पन्नासच्या वर असेल तर थांबा, हवा कोरडी होईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मग पाठ लावून पेटी बंद करा.

कडांची बॉर्डर पहिल्या वाद्यात साधी ठेवा: शिसवाची एक पट्टी आणि आत एक पांढरी रेघ. दोरी गुंडाळून दाबली की घट्ट बसते.

पडदे

तारेच्या लांबीला, म्हणजे ६५० मिमीला, १७.८१७ नं भागा: ३६.४८. हा पहिल्या पडद्यापर्यंतचा पल्ला. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ नं भागा आणि मिळवा: दुसरा पडदा नटपासून ७०.९२ वर. बारावा बरोबर ३२५ वर आला पाहिजे, न आल्यास गणितात चूक आहे. सगळी अंतरं नटपासूनच मोजा. एका पडद्यापासून पुढचा मोजत गेलात तर प्रत्येक वेळची सूतभर चूक साठत जाते. खाच पडद्याच्या तारेच्या मानानं बारीक हवी. तार हलक्या हातोडीनं आधी दोन्ही टोकांना, मग मधे ठोका.

घोडी आणि पॉलिश

घोडी हलकी करा. १८५ ते १९० मिमी लांब, २० ग्रॅमच्या आसपास. ती तबलीवरच बसते, तेव्हा तिचं वजन आवाजातून वजा होतं. तार दाबली की ताण वाढून सूर चढतो, म्हणून सॅडल (घोडीत बसणारी, तारा टेकायची हाडाची पट्टी) ६५० वर न ठेवता साधारण दोन मिमी मागे घ्या. घोडीचा तळ तबलीच्या घुमटाला जुळवा. पॉलिशआधी ती जागा कागदी टेपनं झाका, कारण चपड्यावर, म्हणजे लाखेच्या पॉलिशवर, सरस धरत नाही.

पॉलिश म्हणजे चपडाच. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर यांच्यावर पोसतात. झारखंड-छत्तीसगडात आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीकडे लाख निघते, आणि स्पेनमधल्या गिटारवर फिरवला जातो तोही चपडाच. १०० मिली स्पिरिटमध्ये १५-२० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळू द्या, गाळा. सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा करा, अगदी थोडा ओला करा आणि गोल, मग आठच्या आकड्यासारखा फिरवत राहा. बोळा एका जागी थांबला की खालचा थर उचलला जातो. खिडक्या उघड्या ठेवा. तबलीवर थर जितका पातळ तितका चांगला, आरशासारखी चमक इथे नको.

टेप काढा, घोडी गरम सरसानं चिकटवा, छिद्रातून क्लॅम्प लावा आणि तारा चढवायच्या आधी किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या.

तारा

तोर्रेसच्या काळात आतड्याच्या तारा होत्या, नायलॉन १९४०च्या दशकात आलं. मध्यम ताणाचा संच घ्या. सहा तारा मिळून तबलीवर जवळजवळ ४० किलोंचा ताण येतो. पहिले दोन दिवस सूर दोन पायऱ्या खाली ठेवा, मग वर न्या. बाराव्या पडद्यावर पातळ तार ३ मिमी आणि जाड तार ४ मिमी उंच असावी. उंची कमी करायची तर सॅडलचा तळ घासा. तिथून एक मिमी काढला की बाराव्या पडद्यावर अर्धा मिमी कमी होतो. पहिल्या दोन महिन्यांत घोडीमागची तबली थोडी वर येते आणि उंची पुन्हा तपासावी लागते. ते नैसर्गिक आहे.

हाडाची दोन सॅडल करून ठेवा. एक हिवाळ्यातल्या मापाचं, दुसरं त्याहून एक मिमी कमी. जूनमध्ये तबली फुगून तारा जड लागू लागल्या की तारा सैल करून दुसरं बसवा. दोन्हींवर पेन्सिलीनं महिना लिहा आणि केसमध्ये डोक्याकडच्या खणात, आर्द्रतामापकाशेजारी ठेवा.